कोणी फुंकलं?

दिवा जरा मोठा कर, मग सांगते.

आत्याकडचं जेवण आटोपून आम्ही घरी निघालो होतो. बाबा, काका आणि मी. दुपार नुकतीच कलली होती, पण धुकं असं की आत्याचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

काकांच्या गाडीत स्टिअरिंगशेजारी एक यंत्र आहे. नळीत फुंकायचं, श्वासात दारू नसली तर हिरवा दिवा लागतो आणि मगच गाडी सुरू होते. कोर्टाने बसवायला लावलं. पिऊन चालवताना काकांनी एका सायकलवाल्याला उडवलं होतं. तो कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर होता, मग गेला. काकांना थोडी शिक्षा झाली, दंड झाला, आणि लायसन्स परत मिळालं ते या यंत्राच्या अटीवर.

घरच्यांनी त्यावर तोड काढली. न पिणाऱ्याने फुंकायचं. म्हणजे मी.

"फुंक गं," काका म्हणाले. तोंडाला भपकारा येत होता.

"नाही. मी चालवते, तुम्ही मागे बसा."

"काल लायसन्स मिळालं आणि निघाली मला शिकवायला!"

"बाबा, सांगा ना यांना."

मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "वाद नको. मोठे आहेत ते. टाक फुंकून."

मोठे! मी नळी मांडीवर टाकली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. आज कोणाचा जीव जाणार नव्हता. निदान माझ्या श्वासावर तरी नाही.

नळीतून हवा गेली. लांब, घरघरत. हिरवा दिवा लागला.

"आली ना वठणीवर!" काकांनी गाडी काढली.

"मी... नाही फुंकलं."

दारूचा वास हळूहळू मागे सरला आणि त्याजागी दवाखान्याचा वास आला. फिनेल, औषधं, बंद खोली. नळी आतून ओली झाली होती.

नदीच्या वळणाआधी यंत्र पुन्हा वाजलं. चालत्या गाडीतही ते मध्येच तपासतं. कोणी फुंकलं नाही तर हॉर्न कोकलायला लागतो. कोकल, मी मनात म्हटलं, कोकल एकदाचा! नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला. गार हवा माझ्या बोटांच्या फटींतून आत शिरू लागली... सावकाश... ओठ टेकवल्यासारखी...

हिरवा.

मी हँडब्रेक ओढला. गाडी घसरत थांबली. किल्ली उपटून मी बाहेर पडले.

"बाबा, उतरा! उतरा म्हणते ना!"

त्यांनी जन्मात एकदा माझं ऐकलं. काका मात्र आतच राहिले.

"दार उघडत नाहीये..." ते काच ठोकत होते. "बाळा, उघड गं..."

मी दार ओढलं, बाबांनी ओढलं. काचेवर आतून वाफ चढत गेली. आधी काकांची हनुवटी दिसेनाशी झाली, मग डोळे. ठोकणं थांबलं. किल्ली माझ्या मुठीत होती, आणि इंजिन सुरू झालं.

गाडी संथपणे निघाली, आपली बाजू न सोडता. वळणाशी तिने इंडिकेटर दिला. काकांनी तो आयुष्यात कधी दिला नव्हता. इंडिकेटर नदीच्या बाजूचा होता, जिथे रस्ताच नाही. समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तशी ती क्षणभर थांबली. समोर कोणी नव्हतं. मग वळली.

आम्ही कान देऊन उभे राहिलो. पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही.