दहापैकी तीन

रायपूरच्या सदर बाजारात संध्याकाळी दोन गाड्यांची हँडलं एकमेकांत अडकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. नवल हे, की अडकलेली हँडलं सुटली तरी चेतना मेश्राम आणि तो चष्मेवाला मुलगा तिथेच उभे होते. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकले होते आणि हा पठ्ठ्या निवांतपणे तिच्या स्कूटीचा आरसा नीट करून देत होता.

"अब पीछे वाला साफ दिखेगा," तो म्हणाला.

"पीछे वाला कौन?"

"फिलहाल तो... मैं."

चेतना हसली. हसायचं नाही असं ठरवून हसली. आणि दुसऱ्या दिवशी शंकर नगरातल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाहते तर तोच. निरंजन. वरच्या मजल्यावर रिपोर्ट बनवतो म्हणाला, तिनंही जास्त खोदून विचारलं नाही.

मग रोजचा चहा सुरू झाला. बोलणं सगळं हिंदीत, कारण रायपूरच्या मराठी घरातली पोरं बाहेर भेटली की हिंदीच बोलतात. हिंदीत चेतनाचा आवाज आपोआप मऊ व्हायचा.

"आप इतना धीरे बोलती हैं," एकदा तो म्हणाला, "कि पास आना पड़ता है."

"तो... आ जाइए."

बोलून गेली आणि पुढची पाच मिनिटं कपात बघत बसली. तिला तो आवडला होता. अगदी साफ आवडला होता.

ऑफिसात मात्र तिच्या जिवाला घोर होता. पाण्याच्या पंपांच्या एका कंपनीचे फोन ती घ्यायची, मराठी विभागात. गोंदिया, भंडारा, वर्धा इकडची माणसं पंप बिघडला की फोन करायची आणि चेतना त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायची. हे फोन कुणीतरी वर बसून ऐकायचं आणि दहापैकी गुण द्यायचं. कोण ऐकतं ते खाली कळू द्यायचे नाहीत, आणि कुणाचा फोन आहे ते वर. तीनदा कमी गुण पडले की फोनवरून काढून मागच्या खोलीत टायपिंगला बसवायचे, पगारही कमी. चेतनाला दोनदा कमी पडले होते. शेरा दोन्हीदा एकच, 'बोलणे उद्धट'.

फेब्रुवारीत नव्या मॅनेजर रूपाली मॅडमनी एक बैठक बोलावली. तपासणारे सगळे एकच फोन ऐकणार, आपापले गुण मोठ्यानं सांगणार, म्हणजे कोण कसं मोजतं ते कळेल. या वेळी फोन घेणाऱ्यांपैकीही दोघांना बसवलं, चेतना आणि तिच्या शेजारी बसणारा संघर्ष नावाचा मुलगा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसताना चेतनानं वर पाहिलं तर टेबलाशी निरंजन. तो तपासणारा होता. त्यानं चोरून तिला हात केला, तिला गंमत वाटली.

मग स्पीकरवर तिचाच आवाज लागला.

"काका, हात नोका लावू. हात काढा आधी. काहून डब्यात हात घालून राहिले? करंट येऊन राहिला न त्याच्यात. मेन बंद करा पहिले, मग बोलू आपण."

पंप चालेना म्हणून त्या म्हाताऱ्यानं वीज चालू असतानाच पंपाच्या डब्यात हात घातला होता. चेतना ओरडली होती, तेव्हा कुठे त्यानं हात काढला.

"निरंजन?" रूपाली मॅडमनी विचारलं.

"दहापैकी तीन." त्याचं मराठी तिनं पहिल्यांदाच ऐकलं. स्वच्छ, पुस्तकातलं. "आवाज चढा, भाषा गावंढळ. बाईच्या बोलण्यात गोडवा हवा. अशा तर आमच्या कॉलनीत भांडी घासायला येणाऱ्या बाया बोलतात."

दोघं-तिघं हसले.

लगेच दुसरा फोन लागला. तसाच पंप, तशीच घाई, आवाज संघर्षचा. "ओ काका, हात काढा पहिले. काहून मरायले चालले?"

"नऊ," निरंजन म्हणाला. "प्रसंगावधान. रोखठोक, पण आपुलकीचा आवाज."

संघर्ष उठून उभा राहिला. "मॅडम, मले नऊ अन् हिले तीन? आम्ही दोघं एकच तर बोललो."

हिले म्हणजे कोणाले, ते निरंजनला कळायला एक क्षण लागला. मग त्याची मान वळली... आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

चेतना उठली. आवाज कापत होता, पण तिनं तो खाली आणला नाही. "माझी आई रेल्वेत आहे. रुळावर, दुरुस्तीच्या गँगमध्ये. गाडी येताना ती गोड बोलली असती न सर, तर चार माणसं कटली असती. मी तिचीच पोट्टी आहे."

आणि ती निघून गेली. त्याच्यावर जीव जडला होता, हे त्या जिन्यातच तिला सगळ्यात जास्त कळलं, आणि त्याचीच तिला लाज वाटली.

आठ दिवस तो दिसला नाही. नवव्या दिवशी, ऑफिस सुटताना, गर्दीच्या पार्किंगमध्ये तिच्या स्कूटीजवळ उभा होता. डोळे जागरणानं लाल.

"मी माझे चार महिन्यांचे सगळे फोन पुन्हा ऐकले," तो मराठीत म्हणाला. "अकरा जणींना कमी दिलेत मी. पुरुष एकही नाही. मॅडमना लेखी दिलंय सगळं. माझं तपासणीचं काम काढून घेतलं त्यांनी, बरोबरच केलं."

"माझ्यासाठी केलं?"

"तुझ्यासाठी असतं तर तुझ्या एका फोनचे गुण बदलून गप्प बसलो असतो." "त्या अकरा जणींतल्या प्रेमलाताईंना टायपिंगला बसवलं ते... माझ्या तीनमुळे, मॅडमनी सांगितलं. काल अभनपूरला त्यांच्या घरी जाऊन आलो. अर्धा तास बोलल्या मला, दारातच उभं करून."

"अन् तू?"

"ऐकलं."

प्रेमलाताईंना चेतना ओळखत होती, दोन मुलींच्या फीचा प्रश्न होता त्यांच्यापुढे. हा माणूस इतका चांगला आणि इतका वाईट एकाच वेळी कसा असू शकतो, तिला काही कळेना.

"मला माफ कर असं म्हणणार नाही," तो म्हणाला. "आवडतेस, एवढं सांगायला आलो. आणि... माझ्याशी हळू बोलू नकोस यापुढे."

मग सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल अशा, आईच्या आवाजात चेतना म्हणाली, "तू मले आवडतो. अन् तुया रागही येऊन राहिला मले, लय राग. दोन्ही आहे. सांग, काय करू मी?"

वॉचमन वळून बघायला लागला. हेल्मेट घालता घालता चार मुली थांबल्या. निरंजननं इकडे तिकडे पाहिलं नाही.

"राग आधी काढ," तो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला. "मी उभा आहे."