टाचणीच्या भोकातली बाई

प्रायोगिक सिनेमाच्या वर्गात मी केलेले प्रकल्प आठवले की मलाच हसू येतं. पहिल्यात सीताबर्डीच्या गर्दीतल्या नुसत्या चपला. दुसऱ्यात तर्री-पोह्यांवर तरंगणारं तेल, तेही कंटाळा येईपर्यंत. "भूक लागली. बाकी काही नाही," एवढं म्हणून पुष्पलता मॅडमनी जेमतेम गुण दिले. इकडे सावनेरहून बाबांनी फोनवर दम भरला, "फेल झाली तं शिक्षण बंद. मिहानातल्या एका कंपनीत नोकरी पाहून ठेवली हाये." म्हणजे तिसरा प्रकल्प फसला की माझा सिनेमा संपला.

तो कॅमेऱ्याशिवाय करायचा होता. युक्ती माझ्या वर्गमित्राची, अश्विनची. पत्र्याच्या डब्यांना टाचणीने भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा आणि डबे ओळीने महिनाभर उन्हात बांधायचे. चित्र इतकं सावकाश उमटतं की माणसं, पाखरं, चालतंफिरतं सगळं गळून जातं. उरतं फक्त न हलणारं. मग कागद एकामागोमाग पळवले की झाली फिल्म.

डबे आम्ही इंदोरा वस्तीत अश्विनच्या घराच्या गच्चीवर बांधले. मिरच्या वाळवायला आलेली त्याची आई म्हणाली, "या डब्यायत काय शिजवून राहिले रे पोट्टेहो?"

महिन्याने कागद काढले. सूर्याच्या रेघा, पाण्याची टाकी, प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर एक बाई. हात मांडीवर, चेहरा स्वच्छ, लुगड्याची किनारसुद्धा दिसत होती. प्रत्येक कागदावर.

"तुझी आई?" मी विचारलं.

"माझी आई कधी एका जागी बसते का वं?" अश्विन हसला. मग पाणी आणतो म्हणून खाली गेला, तो लवकर वर आला नाही.

मॅडमना फिल्म दाखवली. "बाई मागाहून चिकटवलीस," त्या म्हणाल्या. मी रडकुंडीला आले. तेव्हा त्यांनी तोड काढली. "एक डबा मला दे. धरमपेठेत माझ्या बाल्कनीत बांधते. कागद मीच काढीन. बाई आली तर पास."

जानेवारी कसा सरला, आठवतही नाही. परीक्षा जवळ आली की असंच होतं.

मॅडमनी डबा भर वर्गात उघडला. कागद संगणकावर घेतला. बाल्कनीचा कठडा, कुंड्या, झोपाळा. झोपाळ्यावर तीच बाई.

मॅडमनी चित्र मोठं करून पाहिलं. मग म्हणाल्या, "पास."

मला नाचावंसं वाटलं. बाबांना कळवायला मी मोबाईल काढला.

"थांब, चिन्मयी. तिच्या शेजारी कोण आहे?"

शेजारी मी होते. माझाच चौकड्यांचा कुर्ता. हात मांडीवर.

मी हसले. मॅडमच्या घरी मी कधी गेलेही नव्हते. महिनाभर तर रोज इथेच, अश्विनच्या बाकावर होते.

"सांग ना गा अश्विन, होती ना मी वर्गात?"

तो कागदाकडेच बघत होता.

"होती ना. रोज होती," तो हळूच म्हणाला. "पण हाक मारली तरी तू हलत नव्हती वं."