मळ्याच्या वाटेवरचा बाबूसिंग

पोरांनो, हे ऐकीव नाही. शेलूबाजारच्या पुंजाजी माळ्याचा रामधन माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. सन एकोणऐंशी, संक्रांतीची आदली रात्र, पौषातली पुनव. बहिणीसाठी इंजेक्शनं अन् पट्ट्या आणायला तो मंगरूळपीरला गेला होता.

बहीण हेमला, एकोणीस वर्षांची. तिच्या गुडघ्याजवळच्या हाडात गाठ झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पाय वाचवला; गाठीचं हाड काढून पोलादी सांधा बसवला. पोरगी चालायला लागली, अन् टाक्यांतून पू यायला लागला. कितीदा जखम उघडून धुतली. सुकायची, पुन्हा फुटायची. डॉक्टर म्हणाले, "जंतू सांध्यालाच चिकटलेत. औषध तिथं पोचत नाही. सांधा काढावा लागेल." पुंजाजी अडून बसला, "काढाचाच होता तं बसवला कायले?"

पट्ट्या बदलून बदलून रामधन पार विटला होता.

बस चुकली. ट्रकनं तो फाट्यावर उतरला अन् मळ्याच्या वाटेला लागला. मागून हाक आली. केनवडचा बाबूसिंग! मुंबईला हेमला अन् तो एकाच दवाखान्यात होते. त्याच्याही गुडघ्यात तसलाच सांधा, तसलाच पू.

रामधननं सगळी चीड ओकली. "धुऊन धुऊन हात सडले, भाऊ! पू थांबत नाई, बाप आयकत नाई. मी करू तं काय करू?"

"मी बी काढू देलं नाई," बाबूसिंग म्हणाला. "मंग लई उशीर झाला."

"कायचा उशीर? तू तं चांगला चालून राह्यला."



गार वारा सुटला. रातकिडे थांबले.

"तिले उद्याच ने, रामधन... उद्याच..."

रामधन वळला.

वाट रिकामी. लख्ख चांदणं.

घरी त्यानं सांगितलं, तशी आई धुरपताबाई म्हणाली, "आरे, बाबूसिंग परवाच गेला... दुपारी केनवडचा मानूस सांगून गेला. विष आंगभर भिनलं. शेवटी पाय कापला, तरी..."

 पहाटे पुंजाजीनंच बैलगाडी जुंपली.

मुंबईत सांधा काढला. जखम कोरडी व्हायला कित्येक महिने गेले. मग आत सळई घालून पाय सरळ जोडला. गुडघा वाकत नाही, पण हेमला आजही मळ्यात चालते.

त्या पहाटे गाडीपुढे चालताना रामधननं वाटेवरची धूळ पाहिली. त्याच्या चपलांचे ठसे होते. शेजारी अनवाणी पावलं...

सगळी डाव्याच पायाची.