काचेवरची मधली पोर

खिदळू नका रे, ऐका. शिगेकी तोकुनागा माझ्या शाळेतला. नागासाकीच्या चढावर त्याचं घर आहे, हवं तर विचारून या. गेल्या वर्षी तेरा ऑगस्टची रात्र. पितर घरी येतात ती.

त्याचे खापरपणजोबा काचेवर फोटो काढायचे, जपानात फोटो नवा होता तेव्हा. त्यांची एक काच माळ्यावर सापडली. त्यांची दोन मुलं, मध्ये घरातली मोलकरीण पोर. सकाळी संग्रहालयाचा माणूस काच न्यायला येणार, म्हणून शिगेकी ती पुसत बसला होता.

"मधलीचं नाव काय सांगणार?" धाकट्या बहिणीनं, चिझुरूनं विचारलं.

"मोलकरणीचं नाव कोण लक्षात ठेवतं?"

"मध्ये का बसवली ते बरं लक्षात आहे! फोटोतल्या तिघांतला मधला आधी मरतो म्हणायचे. आपली पोरं वाचावीत म्हणून दुसऱ्याची पुढे केली. वर्षात गेली ती. लाज वाटू दे, दादा! उद्या त्या माणसाला सगळं सांग."

"घराण्याची लक्तरं वेशीवर टांगू? तोंड आवर!"

चिझुरू दार आपटून गेली. शिगेकीचंही डोकं फिरलेलं. पोरगीच नको, मग प्रश्नच नको! त्यानं दाढीचं पातं काढलं. काचेवरचं चित्र सायीएवढं पातळ. खरवडलं की निघतं. किमोनो खरवडला. हात खरवडले. मग तोंड. मित्र माझा, पण नीचपणाच तो.

दिवा गेला.

दारातला पितरांचा कंदीलही...

"चिझुरू?"

...

तो जमिनीवर बसलेला. तोंडासमोर कुणीतरी श्वास घेत होतं. रागानं. दात आवळून.

"को... कोण?"

सणसणीत थोबाडीत बसली. हात लहान. ओला. गार.

पहाटे चिझुरू आली तेव्हा तो तसाच बसलेला. "भास झाला असेल," सगळं ऐकून ती म्हणाली. गालावर काहीच नव्हतं. तिनं खिडकी सरकवली. ऊन आत आलं.

"दादा... तुझा गाल..."

काळं उमटत होतं. एक बोट. दोन. तीन...

जुने फोटोवाले काच चांदीच्या पाण्यात बुडवायचे. ते अंगाला लागलं तर दिसत नाही, उजेड पडला की काळं पडतं. त्या घरात ते पाणी शंभर वर्षांत आलेलं नाही.

असा डाग आठवड्यात उतरतो म्हणतात. परवा शिगेकी बाजारात भेटला. पाचही बोटं... तशीच.