वाल्मीकचं इंग्रजी

घे, आधी पेढा घे. लाइट गेलीय, साहेब निफाडला गेलेत, आणि ही रेकॉर्डची खोली सोडली तर या ऑफिसात शांतपणे बोलायला दुसरी जागा नाही. मोबाइलची बॅटरी त्या फायलींवर उभी कर. मी सांगते ते पूर्ण ऐक, मध्ये बोलू नकोस.

रेहाना, गेल्या वर्षी मी बी.ए. झाले म्हणून पेढे वाटले होते. तू तीन खाल्लेस. तर मी झालेच नव्हते. निकालाचं पान मोबाइलवर उघडलं, घाईत परीक्षेला माझ्या मागे बसलेल्या बाईचा नंबर टाकला, पास दिसलं आणि मी तशीच मिठाईच्या दुकानात. संध्याकाळी आमच्या लेकीनं, दिशानं नीट बघितलं. इंग्रजीत नऊ मार्कांनी गेले होते. आता वाटलेले पेढे लोकांच्या पोटातून परत मागता येतात का? गप्प बसले. तेव्हापासून साहेब दर महिन्याला प्रमोशनच्या फायलीला जोडायला गुणपत्रक मागायचे आणि मी म्हणायचे, छापील अजून आलं नाही. त्यात माझ्या नावनोंदणीचं हे आठवं, शेवटचं वर्ष. या मे महिन्यात इंग्रजी निघालं नाही तर सगळं पहिल्यापासून. सेहेचाळिसाव्या वर्षी चांगुणाबाई परत पहिल्या वर्षाला, आणि इथं सगळ्यांना कळणार की पेढे खोटे होते. मला रात्रीची झोप नव्हती गं.

घरी काही अभ्यास होत नाही. म्हणून रजा टाकली आणि पंचवटीतल्या एका अभ्यासिकेत जागा घेतली. खाली भिमाजीकाका रजिस्टर घेऊन बसतात, वर पत्र्याखाली समोरासमोर खुर्च्या. मला अठरा नंबर मिळाला. दुपारी दीडला पोरं जेवायला गेली की चारपर्यंत वर चिटपाखरू नसायचं. पंखा कुरकुरायचा. कोपऱ्यातल्या माठातून थेंब टपकायचा. पत्रा तापून मध्येच टणकन वाजायचा. आणि एक वास यायचा, ओल्या लोकरीचा, तोही भर मे महिन्यात. मी म्हटलं, कुणाचं तरी आसन भिजलं असेल.

इंग्रजांच्या जुन्या कादंबऱ्या मला जमतात. धुकं पडतं, इस्टेटीवरून भांडणं होतात, शेवटी लग्न नाहीतर मरण. आमच्या निफाडकडे याच्यापेक्षा जास्त होतं. पण त्या संज्ञा! मेटाफर, आयरनी, सॉलिलोक्वी... व्याख्या सगळ्या तोंडपाठ, आणि स्वतःचं उदाहरण द्या म्हटलं की डोकं कोरं. माझे नऊ मार्क तिथंच गेले होते.

तिसऱ्या दुपारी समोरून कुणीतरी हळूच विचारलं, "मावशी… सॉलिलोक्वी म्हंजी काय?"

सतरा नंबरवर पंचविशीतला एक पोरगा बसला होता. कधी आला, जिन्यावर पाय कसे वाजले नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अंगात विटकरी स्वेटर, गळ्यापर्यंत. नाव वाल्मीक, सिन्नरकडचा. इंग्रजी चार वेळा राहिलं, म्हणाला. ओझरला भाऊ आहे, इंग्रजी निघालं की तिकडं कुठंतरी नोकरीला लावून देतो म्हणतो. मी म्हटलं, बाबा, मी स्वतःच गटांगळ्या खातेय. पण विचारल्यावर सांगायला नको? व्याख्या म्हणून दाखवली. त्याला कळली नाही. खरं सांगायचं तर मलाही कधी कळली नव्हती. मग चिडून म्हटलं, अरे, स्टेजवर माणूस एकटाच मनातलं मोठ्यानं बोलत बसतो, आमच्या सासूबाई भांडी घासताना बोलतात तसं. तो हसला. आणि त्या क्षणी सॉलिलोक्वी मला पहिल्यांदा समजली.

मग रोजचंच झालं. मी शिकवायचे, तो वहीत उतरवायचा. सिमिली, म्हणजे उपमा, झाली; मेटाफर, म्हणजे रूपक, झाला. मेटाफरचं उदाहरण मी दिलं, साहेबांचं डोकं म्हणजे माठ. हसू नकोस, पुढे त्याच माठानं मला तारलं. त्याला दोनदा सांगितलं की उकडून मरशील, स्वेटर काढ. तर म्हणे, "सकाळी लय गारठा व्हता, मावशी." बेचाळीस डिग्रीला! मला वाटलं, अभ्यासानं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. तो लिहायला वाकला की केसांतून बारीक काहीतरी वहीवर सांडायचं, चमकायचं. मी म्हटलं, खडीसाखर खात असेल. एक कण बोटानं उचलून बघितला तर बोटातून रक्त आलं. काच होती. तरी मला काही कळलं नाही. पेपर डोक्यात बसला की बाईला दुसरं काही दिसत नाही.

सातव्या दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, पत्रा गप्प झाला, माठाचा थेंबसुद्धा पडेना. वाल्मीकनं ड्रॅमॅटिक आयरनी विचारली. म्हटलं, बघणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, त्या पात्राला बिचाऱ्याला नसतं, म्हणून ते निवांत असतं. तो म्हणाला, घरचं उदाहरण द्या. आणि जे आजवर घरच्यांशिवाय कुणाला बोलले नव्हते, ते मी त्याला सांगून टाकलं. ते पेढे. मी हसत हसत वाटत होते आणि तिकडे निकालाच्या पानावर मी नापास होते. सांगताना मला रडूच आलं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"म्हंजी मावशी… आत्ता इथं चाललंय तसं?"

"इथं काय चाललंय?"

"मला म्हाईत हाय…" तो अगदी हळू बोलला. "तुम्हाला नाय."

मी सगळ्यात आधी टेबलाखाली वाकून त्याचे पाय बघितले. सरळ होते. चपलाही होत्या. मला फार बरं वाटलं. मान वर केली तर सतरा नंबर रिकामा, आणि टेबलावर काचेचा चुरा.

जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. खाली भिमाजीकाकांना विचारलं, वर तो स्वेटरवाला पोरगा कोण? काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. दुपारच्या रकान्यात सगळे दिवस एकच सही होती, माझी.

काका म्हणाले, "बाई, मी रोज ऐकतोय. तुम्ही वर एकट्याच बोलत असता. मला वाटलं, पाठांतर चाललंय."

म्हणजे पाच दिवस सॉलिलोक्वी माझीच चालली होती, बघ. काकांनी मग सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी वाल्मीक म्हणून एक पोरगा सतराला बसायचा. पाचव्यांदा इंग्रजीच्या पेपरला निघाला होता. डिसेंबरचं धुकं, सिन्नरहून येणारी भरलेली जीप... काकांनी रजिस्टर मिटलं.

घरी येऊन मी तापानं फणफणले. पण रेहाना, पेपरला सहा दिवस राहिले होते, आणि त्याला शिकवल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. एकीकडे भीती आणि दुसरीकडे साहेब. मला साहेबांची जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी परत गेले, अठराला बसले आणि रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं शिकवायला लागले. तो काही दिसला नाही. ओल्या लोकरीचा वास मात्र चारपर्यंत जागचा हलला नाही. अवघड काही आलं की मीच विचारायचे, समजलं का रे? आमच्या दिशापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल, एवढंच वय त्याचं.

पेपरात दहा मार्कांना ड्रॅमॅटिक आयरनी आली. पेढ्यांची सगळी हकिगत इंग्रजीत लिहिली, व्याकरण कसंही असो. पण शेवटी मेटाफरच्या उदाहरणाला अडले. घड्याळात सात मिनिटं उरलेली. तेवढ्यात मानेला गार हवा लागली आणि मागून आवाज आला, "मावशी… माठ."

माझ्या मागचा बाक रिकामा होता. सुपरवायझर बाईंनी त्या बाकाकडे बघितलं, अंगाभोवती पदर गुंडाळला आणि जाऊन खिडकी लावली. बाहेर ऊन रणरणत होतं. मी माठ लिहून टाकला.

परवा निकाल लागला. एकसष्ट. या वेळी नंबर दिशाकडून तीनदा तपासून घेतला. काल अभ्यासिकेचं कार्ड परत करायला गेले. म्हटलं, जाता जाता सतराला सांगून येऊ. वर कोणी नव्हतं. माझ्या अठरा नंबरवर दोऱ्यानं बांधलेला हा पेढ्यांचा डबा होता. काका म्हणाले, सकाळपासून वर कुणीच गेलं नाही. आता बॅटरी इकडे धर आणि झाकणावर पेन्सिलीनं लिहिलंय ते वाच. थांब, मीच वाचते. "मावशी, निघालं." त्याच्याखाली, "एम.ए.चा फॉर्म पंधरा तारखेपर्यंत हाय. मी भरतोय."

अशी काय बघतेस? हो, हा तोच डबा. मी अजून एकही खाल्लेला नाही, धीर होत नव्हता. म्हटलं, गेल्या वर्षीचे खोटे पेढे तू विश्वासानं खाल्लेस, तर खऱ्याचा पहिला मान तुझाच. चव बरी होती ना? मग झालं तर. चुळा भरून आता काय उपयोग, बस खाली.

मी उद्या फॉर्म भरणार आहे. नाही भरला आणि तो विचारायला घरी आला तर सासूबाईंना काय सांगू?

पण त्याआधी एक काम कर, रेहाना. काल घरी नेऊन मी हे पेढे मोजले होते, बारा होते. आत्ता त्यातला एक तू माझ्यासमोर खाल्लास. माझे डोळे हल्ली बरे नाहीत, म्हणून तू मोज... सावकाश मोज.

किती म्हणालीस? बाराच?

परत मोज.