डावीकडे ओढणारी बोट

तो आमच्या धक्क्यावर यायला निघालाच नव्हता. त्याला जायचं होतं पलीकडच्या सरकारी धक्क्यावर. पण त्याची बोट तिरकी-तिरकी येत थेट माझ्या ओल्या पाटीवर आदळली. सकाळपासून रंगवलेलं 'दुरुस्ती' अर्धं पुसलं गेलं.

"अहो, डोळे आहेत की—"

"डोळे आहेत. बोट ऐकत नाही." बाहीला लागलेला निळा रंग बघून तो चक्क हसला. "सारखी डावीकडे ओढते. जरा... मिस्त्रींना बोलवाल का?"

"मिस्त्री समोरच उभी आहे. बोला."

बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तो मोजणीदार होता, पलीकडच्या काठावरच्या जमिनी मोजायचा. बोट महिन्यापूर्वीच एका म्हाताऱ्या जोडप्याकडून घेतलेली. "दिवसभर मी सरळ रेषा आखतो," तो म्हणाला, "आणि येता-जाता ही माझी अब्रू काढते!"

मी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. केबल कुठे अडकत नव्हती. सुकाणू धरून हलवलं, ढिलं नव्हतं. खालच्या पंख्याला मात्र मासेमारीची दोरी गुंडाळलेली सापडली. ती कापली, त्याच्या शेजारी बसले आणि चक्कर मारली. बोट अगदी नाकासमोर धावली.

तिसऱ्या दिवशी तो हजर. "ओढते."

केबल बदलली. चक्कर मारली. नाकासमोर! दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग शाफ्ट तपासला, सुकाणूची पिन बदलली. दर वेळी मी शेजारी बसून खात्री करायचे आणि दर वेळी तो परत यायचा.

"बोटीला काय झालंय ते मला कळत नाही," बाबा शेडमधून म्हणाले, "पण तुला काय झालंय ते कळतंय."

खरंच होतं ते. त्याच्या इंजिनाचा आवाज मला लांबून ओळखू यायला लागला होता. तो आला की मी आधी हातांचं ग्रीस धुवायचे. मिस्त्री कधी कामाआधी हात धुतो का? आणि त्याच वेळी मनात एक शंकाही... हा उगाच तर येत नसेल?

पाचव्यांदा आला तेव्हा मी भडकलेच. "बोट ठणठणीत आहे! यायचंच असेल तर सरळ या. तिच्यावर आळ कशाला घेता?"

त्याचा चेहरा उतरला. "मी खोटं बोलत नाही हो. आज पुन्हा मोजणीला उशीर झाला, लोक ताटकळत उभे होते. जाऊ दे. विकून टाकतो ही. रस्त्याने लांब पडेल, पण वेळेवर तरी पोचेन."

तो निघाला. मी जीभ चावून धक्क्यावर उभी राहिले. बोट उजवीकडे जराशी कलली, आणि तिचं नाक हळूहळू डावीकडे... आणखी डावीकडे...

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी शेजारी बसते तेव्हाच ती सरळ जात होती. मी फडकं हलवत, ओरडत त्याला परत बोलावलं. तो आल्यावर सुकाणूच्या पत्र्याची मागची कड चाचपून पाहिली.

"आधीच्या मालकांची बायको रोज बोटीत असायची का?"

"हो. त्यांच्या शेजारीच, डावीकडे. बोट विकताना रडल्या त्या."

"त्यांनी सुकाणूची मागची कड दोघांच्या वजनाला धरून वाकवून घेतली आहे. तुम्ही एकटेच बसता. बिघाड काहीच नाही."

"मग... एकट्यासाठी नीट होईल?"

"अर्ध्या तासात."

अर्धा महिना लागेल असं सांगायचं होतं मला. नीट केली तर तो कशाला येईल? नाही केली तर बोट विकेल. पण पलीकडे लोक ताटकळतात आणि काम ते काम. बोट उतारावर घेतली, गुडघाभर पाण्यात उतरून पान्याने कड जराशी वाकवली. डोळे चुरचुरत होते. पाणी उडालं असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तो एकटाच बसला आणि गेला. सरळ. मागे वळूनही बघितलं नाही. मी हत्यारं आवरायला लागले... तोच इंजिनाचा आवाज जवळ येऊ लागला. बोट सुतासारखी सरळ आली आणि धक्क्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"आता काय झालं?" मी पाना खाली ठेवला.

"काही नाही. छान चालते." त्याने इंजिन बंद केलं. "इतके दिवस ही मला आणायची. आज मी आलोय. तुम्ही माझ्यावर घेतलेला आळ... खोटा होता. पण अगदीच खोटा नव्हता. मला तुम्ही आवडता. फार आवडता. बसता का?"

माझ्या तोंडून निघालं ते मिस्त्रीचंच बोलणं. "मी बसले तर आता उजवीकडे ओढेल."

"मग पहिल्यासारखी करा. दोघांची."

"पत्रा आहे तो. सारखा वाकवला की तुटतो. एकदा काय ते ठरवा."

"ठरवलंय," तो म्हणाला. "तू?"

मी पाना उचलला आणि पुन्हा पाण्यात उतरले.