जोडीतली एक बॅटरी

काल दुपारी पूर्ण भरलेली बॅटरी, कोणी न वापरता, सकाळपर्यंत रिकामी कशी होते? निहारापुढे हे कोडे उभे होते, आणि त्याच्या उत्तरावर आईची भेट अवलंबून होती.

लडाखच्या त्या उजाड पठारावरील वेधशाळेत माणसे दोनच राहत: निहारा आणि तिचे आजोबा, खगोलशास्त्रज्ञ विश्राम कोलते. तिसरा पंतोजी, पण तो यंत्रमानव. दोन वर्षे चंद्रावरच्या तळावर काम करून परतलेली आई आज दरीतल्या धावपट्टीवर येणार होती. सवड एका दुपारचीच. सूर्य मावळतीकडे झुकला की तिचे विमान माघारी फिरणार होते.

नेमके कालच सौरवादळ (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा लोंढा) आले आणि वाट दाखवणारे उपग्रह मुके झाले. विमानाला वैमानिक होता; वेधशाळेची आपणहून चालणारी विजेवरची गाडी मात्र जागची हलेना. “मार्गाची खात्री नाही,” एवढेच ती गोड आवाजात म्हणे. उरला आजोबांचा जुना डिझेल ट्रक. त्याची किल्ली फिरवली, तर नुसते ‘खट्’ झाले.

“थंडीचा परिणाम,” आजोबा म्हणाले.

“थंडीने बॅटरी सुस्तावते, रिकामी होत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“वाद घालू नकोस.”

“तेही तुम्हीच शिकवलंत!”

“माझे मत कोणी विचारलेले नाही,” पंतोजी म्हणाला, “तरी सांगतो, ताई. या दोन बॅटऱ्यांची जोडणी समांतर आहे (एकीच्या धनाग्राला दुसरीचे धनाग्र, ऋणाग्राला ऋणाग्र). तळाशी नळीने जोडलेल्या दोन टाक्या समजा. एकीला भोक पडले, तर?”

“दुसरीचंही पाणी जाईल!” निहारा उडालीच. “म्हणजे एक बॅटरी आतून बिघडलीय, आणि चांगली बॅटरी रात्रभर तिलाच वीज देत बसते. बिघडलेली सोडवू या.”

तिने पाना उचलला. आजोबांनी तिचा हात धरला. “ती सोडायची नाही.”

दोन्ही बॅटऱ्यांवर कुंकवाची पुसट बोटे होती. दर दसऱ्याला आजी ट्रकला झेंडूची माळ घाली आणि या जोडीला न विसरता हळदकुंकू लावी. आजी गेल्यालाही आता काही हिवाळे लोटले होते. तरी रोज सकाळी आजोबा चहाचे दोन कप मांडत. दुसरा तसाच पालथा राही. निहारा त्याविषयी कधी बोलली नव्हती. त्या घरात न बोललेलेच जास्त होते.

“एका बॅटरीवर हा ट्रक सुरू होणार नाही,” आजोबा म्हणाले. “बनवणाऱ्यांनी दोन दिल्या, त्या काय हौसेने?”

“आणि सुरू झाल्यावर? तेव्हा किती वीज लागते?”

आजोबांमधल्या शिक्षकाला गप्प राहणे शक्यच नव्हते. “जवळजवळ नाहीच. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबली जाते, की ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. जड असतात ते पहिले फेरे. थंडीने तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते ना!”

“मग ते फेरेच हलके करू.”

आजोबांनी कुंकवाच्या पुसट बोटांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी पाना स्वतःच्या हाती घेतला. “आधी ऋणाग्राची तार,” ते हळूच म्हणाले, “मग धनाग्राची.”

सुट्या झाल्यावर पंतोजीने दोन्ही बॅटऱ्या मोजल्या; चांगली निघाली ती सौरपट्ट्यांना जोडली. तोवर इंजिनातला शीतक द्रव काढून, तापवून पुन्हा ओतला, म्हणजे इंजिन ऊब धरील आणि तेल पातळ होईल. ट्रकचे सगळे दिवे बंद ठेवले. दुपार झाली तेव्हा आजोबांनी क्लच दाबला आणि किल्ली फिरवली. घर्र… घर्र… गप्प.

“थांबा,” निहारा म्हणाली. “बॅटरीला दम खाऊ द्या.”

दुसऱ्या खेपेस ट्रकने काळ्या धुराचा लोट सोडला आणि तो धडधडू लागला.

“आता आल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यातून वीज निर्माण करणारे यंत्र) बॅटरीची झीज भरून काढील,” पंतोजी म्हणाला. “मात्र वाटेत इंजिन बंद करू नका.”

आजोबांनी सोडवलेली बॅटरी ट्रकच्या मागच्या भागात ठेवली. “खाली नेऊ. हिचं शिसं वितळवून नवी घडवतात.” मग ते घरात गेले आणि पालथा कप रुमालात गुंडाळून घेऊन आले. “तुझ्या आईला चहा यातूनच देऊ.”

अखेरच्या वळणावर धावपट्टी दिसली. विमान उभे होते, आणि त्याच्याजवळ कोणीतरी दोन्ही हात हलवीत होते. आजोबांनी ट्रक थांबवला; इंजिन मात्र चालूच ठेवले.